गुडघ्यांचं चूर्ण

आमच्या घरात औषध कुणा एकाचं नसतं. लग्न होऊन लोहाऱ्याला आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच मला हे कळलं. स्वयंपाकघर आणि पूजेची खोली यांच्या मधल्या भिंतीत एक देवळी आहे. काढ्याच्या बाटल्या, मलमाच्या डब्या, चूर्णं, पोटाच्या गोळ्या, सगळं तिथं ओळीनं ठेवलेलं असतं. ज्याला जे दुखतं त्यानं त्यातलं घ्यायचं. दिराचा खोकला एखाद्या बाटलीनं थांबला की ती बाटली सगळ्या घराची झाली. डॉक्टरनं ती कुणासाठी लिहून दिली होती हे कुणी विचारत नाही. ‘त्याला गुण आला’ एवढं म्हटलं की पुरतं. सासूबाई होत्या तेव्हा त्या पाहुण्यालाही देवळीतलं काहीतरी चाखवल्याशिवाय सोडत नसत.

त्या देवळीत माझ्या नवऱ्यानं एक दिवस स्टीलचा एक डबा आणून ठेवला आणि जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, “माझ्या गुडघ्याचं चूर्ण हाय. उगं कुणी हात लावू नका.”

घरात मी त्याला ‘अहो’ म्हणते. लिहिताना मात्र ‘तो’ लिहिणार आहे, कारण अहोजाहो करत राग धड लिहिता येत नाही.

आता त्याच्या गुडघ्यांचं सांगते. आमचं शेतीच्या मोटारींचं आणि पाईपांचं दुकान आहे. दिवसभर तो शिडीवर चढतो, उतरतो, पाईपांच्या ढिगावर उड्या मारतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गुडघा दुखला असं त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं. डोकं दुखलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. त्याचे गुडघे दुखले असते तर ते अख्ख्या गल्लीला कळलं असतं.

दुखत होतं ते वेगळंच. त्याला साखरेचा आजार लागला आणि त्यानंतर हळूहळू तो माझ्यापासून लांब गेला. मी झोपल्यावर खोलीत यायचा. आलाच तर भिंतीकडं तोंड करून पडायचा. मी काही विचारलं नाही, त्यानंही काही सांगितलं नाही. मला आधी वाटलं, माझ्यातच काहीतरी त्याला आवडेनासं झालंय. आरशात बघून मी पुष्कळ रडले. मग राग यायला लागला. मग त्या रागाचीही सवय झाली. हा सगळा काळ आम्ही भाजीला मीठ जास्त झालं की कमी एवढंच बोलत होतो. नवरा-बायको जे कुणाशी बोलू शकत नाहीत ते एकमेकांशी तरी बोलतात असं लोकांना वाटतं. आमच्या खोलीत तसं काही घडलं नाही.

चूर्ण कुठून आणलं हे मात्र त्यानं आपणहून सांगितलं. खोटं बोलणारा माणूस नको तेवढी माहिती देतो. उमरग्याकडं हायवेवर एक लॉज आहे, तिथं दर मंगळवारी एक वैद्य येऊन बसतो, लांबलांबून लोक येतात. “सगळं झाडपाल्याचं हाय. आस्कंद, मुसळी, गोखरू, कवचबी.” मी मशीनवर ब्लाऊजला काजं करत होते, मान वर केली नाही. गुडघ्याचा वैद्य लॉजवर पडदे लावून कशाला बसेल? आणि कवचबी कशाला देतात हे आमच्याकडं शेतावरच्या गड्यालाही ठाऊक असतं. एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीवर गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवलेल्या आहेत, त्यांत हीच नावं असतात. गोखरू म्हणजे तर आमच्या बांधावरचा सराटा. लहानपणी शाळेत जाताना तो पायात मोडायचा आणि आम्ही त्याला शिव्या द्यायचो. तोच सराटा कुटून कुणीतरी माझ्या नवऱ्याला विकला होता.

पण मी झाडपाल्याला नावं ठेवणारी नाही. बाळंतपणात आईनं डिंकाच्या लाडवात गोखरू घालूनच मला उभं केलं. म्हणून मनात म्हटलं, घेऊ दे. आल्या गुणाला नाही कशाला म्हणायचं.

गुण आला. पहिल्याच रात्री आला, आणि मी खूश झाले, हे लपवून काय करू. तो सकाळी दाढी करताना गुणगुणत होता. दुकानातून येताना माझ्यासाठी गजरा आणला आणि तो ओट्यावर असा टाकला, जणू कुणी फुकट दिला होता. घरात सगळ्यांना वाटलं गुडघे बरे झाले. दीर म्हणाला, “दादा लई जोरात हायेत आजकाल.” मला पदर तोंडात धरून उठून जावं लागलं.

तरी एक गोष्ट खटकत होती. दुधातून चूर्ण घेतलं की तासाभरात फरक पडायचा. आईचे लाडू अंगी लागायला महिना-सव्वा महिना लागायचा. सराटा असा घाईत काम करत नाही. शिवाय त्याचं तोंड लालेलाल व्हायचं, नाक चोंदायचं, सकाळी डोकं धरून बसायचा. एकदा मी चिमूटभर जिभेवर ठेवून बघितलं. आधी मातकट, गोडसर लागलं आणि मग मागून एक कडवटपणा आला, तापाची गोळी दातांखाली फुटल्यावर येतो तसा. आस्कंद असा लागत नाही. त्याला सांगावं असं कितीदा मनात आलं. पण सांगायचं म्हणजे मला सगळं कळलंय हे सांगावं लागलं असतं, आणि मग पुन्हा भिंतीकडं तोंड. तेवढ्यावर मी थांबायचे.

या सगळ्यात मामा, म्हणजे माझे सासरे, डब्यावर डोळा ठेवून होते हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मामांचे गुडघे खरोखरच गेलेले. आमच्याकडं सकाळी इष्टलिंगाची पूजा करतात. मांडी घालून बसायचं, लिंग तळहातावर घ्यायचं. मामांना मांडी घालता येईना म्हणून ते स्टुलावर बसून पूजा करायचे आणि रोज देवाची माफी मागायचे. त्यातून हृदयाचा आजार. सोलापूरला नळी टाकून झाली होती. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायच्या गोळ्या त्यांच्याकडं कायम असत. गोळ्यांची पट्टी टोचते म्हणून ते गोळ्या काढून कागदाच्या पुडीत बांधत आणि पुडी बंडीच्या खिशात. सासूबाई गेल्यापासून घरात ते कमीच बोलत. माझ्याशी तर दूध आणि पाणी एवढंच. मला ते ‘अव्वा’ म्हणत. कन्नडमध्ये आईला म्हणतात ते. मी त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेऊनच जायचे.

त्यांनी लेकाकडं चूर्ण मागितलं होतं. हा म्हणाला, “तुमच्या वयाला ते उष्ण पडंल, अप्पा.” दुसऱ्यांदा मागितलं तेव्हाही तेच. मामांना ते फार लागलं. ज्या घरात पाहुण्यालाही देवळीतलं औषध मिळतं तिथं बापाला नाही म्हणायचं. ते दिराला म्हणालेलं मी ऐकलं, “ह्याच्या गुडघ्याला औषध, आन् माझ्या गुडघ्याला वय.”

त्या दिवशी दोघे भाऊ दुकानाला गेले होते. जाऊ माहेरी होती. मी मामांना पूजेनंतरचं दूध दिलं आणि मशीनवर येऊन बसले. थोड्या वेळानं पेला उचलायला गेले तर तळाला तपकिरी गाळ होता. देवळीतल्या डब्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं.

“मामा, ते चूर्ण घेतलं का तुम्ही?”

“घेतलं की.” त्यांच्या आवाजात चोरी नव्हती, थोडा हट्ट होता. “दोन चमचे घेतले. जुनं दुखणं हाय, जरा जास्तच लागतंय.”

तो अर्धा चमचा घ्यायचा. पेला घेऊन मी आत गेले आणि दुकानात फोन लावला.

“मामांनी तुमचं चूर्ण घेतलंय. दोन चमचे.”

पलीकडं मोटार चालू करून बघत होते, तिचा आवाज येत होता. त्यानं ती बंद करायला सांगितली. मग म्हणाला, “काय होत न्हाय.”

“त्यांना हृदयाचं आहे.”

“अगं, झाडपाल्याचं हाय ते. झाडपाल्याला काय असतंय व्हय?”

“काही नसतंय तर तुम्ही त्यांना का देत नव्हता?”

त्यानं फोन ठेवला. मला इतका राग आला की हातातला पेला मी मोरीत आपटला.

मग मी काम सोडून मामांवर लक्ष ठेवत बसले. मशीनच्या जागेवरून पूजेची खोली दिसते. हातात कापड धरलं होतं, शिवत काहीच नव्हते. हळूहळू त्यांचे कान लाल झाले, मग गाल. ते नाक ओढायला लागले. मी विचारलं, बरं वाटतंय ना. ते म्हणाले डोकं जरा जड झालंय, पण गुडघे हलके वाटायलेत. आणि हसले. ते हसू बघून मला रडू यायचं बाकी राहिलं.

“खरंच हलके वाटायलेत, अव्वा,” असं म्हणून ते उठले आणि जिन्याकडं गेले. गच्चीवर तूर वाळत घातली होती. मामा गच्चीवर गेल्याला किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. मी मागं धावले. “मामा, नका जाऊ, मी बघून येते.” ते ऐकेनात. कठडा धरून एकेक पायरी चढत राहिले. त्या माणसाचा विश्वास बसला होता. वर पोचले, तुरीतून हात फिरवला, चार दाणे दाताखाली घालून बघितले आणि उतरायला लागले. अर्ध्या जिन्यात बसले.

“छातीवर पाटा ठेवल्यावानी वाटायलंय,” ते म्हणाले. तोंडाला घाम सुटला होता. “माझी गोळी.”

अंगावरची बंडी धुतलेली, आजच घातलेली. कालची मी सकाळीच बादलीत भिजवली होती. मी खाली धावले, बंडी पिळून खिशात हात घातला. कागदाचा लगदा आणि त्यात पांढरं पीठ. गोळ्या विरघळून गेल्या होत्या. मी तशीच उभी राहिले. त्या क्षणी मला वाटलं, माझ्या हातून हा माणूस गेला.

फोन केल्यावर दोघे भाऊ गाडी घेऊन आले. दीर गाडी चालवत होता, मामा मागं आमच्या दोघांच्या मध्ये. नवरा सगळ्या वाटेनं मला बोलत होता. बंडीचा खिसा बघायची अक्कल नाही का, गोळ्या असतात ठाऊक नाही का. मी ऐकून घेतलं. मग त्याच्याकडं न बघता म्हटलं, “डॉक्टरला चूर्णाचं सांगा.”

“गप बस.”

“कसलं चूर्ण?” दिरानं पुढून विचारलं.

“काय न्हाय. गुडघ्याचं,” नवरा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मामांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो गरम होता. छातीत दुखणाऱ्या माणसाचे हात गार पडतात हे मी गेल्या वेळी बघितलं होतं. म्हणून त्या गरम हातानं मी जास्तच घाबरले.

दवाखाना लहान. एक खोली, एक खाट, पडद्यामागं औषधांचं कपाट. डॉक्टर तरुण होता. त्यानं छातीला तारा लावल्या, पट्टी निघाली, ती बघितली. हाताला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. सोलापूरचं नळीचं सगळं विचारून घेतलं. मग सिस्टरला म्हणाला, जिभेखालची गोळी काढा. सिस्टरनं ती काढून तळहातावर घेतली. एवढीशी पांढरी गोळी. गाडीत जी नाही म्हणून मी शिव्या खाल्ल्या तीच.

“रोजच्या गोळ्यांशिवाय यांनी आणखी काही घेतलंय?” डॉक्टरनं विचारलं. “देशी औषध, चूर्ण, काही?”

“न्हाय,” नवरा म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता.

“ताकदीचं काही? पुरुषांचं?”

दीर भडकला. “डॉक्टरसाहेब, वय बघा त्यांचं. आमची आई जाऊन किती वर्षं झाली. काय इचारायलाव तुमी?”

“मला सगळ्यांनाच विचारावं लागतं,” डॉक्टर शांतपणे म्हणाला. “तसलं काही पोटात असताना ही गोळी दिली तर रक्तदाब एकदम कोसळतो. मग माणूस हाताला लागत नाही.”

नवऱ्यानं हे ऐकलं. त्यानं ऐकलं हे मी बघितलं. त्याच्या मानेची शीर हलली, ओठ उघडले आणि परत मिटले. मी वाट बघितली. आता बोलेल, आता बोलेल. सिस्टर मामांजवळ गेली आणि म्हणाली, “आजोबा, जीभ वर करा.” मामांनी लहान लेकरासारखं तोंड उघडलं. उघड्या तोंडानं ते आपल्या थोरल्या लेकाकडं बघत होते, आणि लेक फरशीकडं.

“थांबा,” मी म्हणाले.

माझा आवाज मला ओळखू आला नाही. सासऱ्यासमोर, दिरासमोर मी इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. पदर खांद्यावर आला होता, तो वर घ्यायचंही सुचलं नाही.

“त्यांनी सकाळी चूर्ण घेतलंय. दोन चमचे. गुडघ्याचं म्हणून घेतलं. पण ते गुडघ्याचं नाही.”

सिस्टरनं हात मागं घेतला. दीर माझ्याकडं बघत राहिला आणि मग त्यानं बापाकडं बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. पडद्याशी उभा असलेला कंपाउंडरही मामांकडं बघून तोंड फिरवत हसला. मामांना काहीच कळलं नव्हतं. त्यांचं तोंड अजून अर्धवट उघडं होतं. मला लख्ख दिसलं की एवढंच बोलून मी थांबले तर हा माणूस जगेल, पण लोहाऱ्यात पुन्हा मान वर करून चालणार नाही. रोज स्टुलावर बसल्याबद्दल देवाची माफी मागणारा माणूस. आणि ज्याचं पाप त्यानं अजून तोंड उघडलं नव्हतं.

“ते चूर्ण यांचं आहे,” मी नवऱ्याकडं हात केला. “माझ्या नवऱ्याचं. मामांना माहीत नव्हतं. त्यांचे खरंच गुडघे दुखतात.”

डॉक्टर नवऱ्याजवळ आला. “काय आहे त्यात?”

“आस्कंद,” तो पुटपुटला. “गोखरू...”

“ते पाकिटावर लिहिलेलं असतं. घेतल्यावर किती वेळात परिणाम होतो ते सांगा.”

तो हात खिशात घालत होता, काढत होता. त्याच्याविषयी वाईट वाटावं अशी ती वेळ नव्हती, तरी मला वाटलं. समोर त्याचा बाप, बाजूला धाकटा भाऊ. डॉक्टर थांबला होता. या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत आणखी फक्त मला ठाऊक होतं, आणि ते मला का ठाऊक आहे हेही सगळ्यांना लगेच कळणार होतं.

“तासाभरात,” मी म्हणाले.

डॉक्टरनं मान हलवली आणि गोळी कपाटात परत ठेवायला सांगितली. मग सगळे घाईत हलले. सलाईन लावलं, पायांखाली उशा दिल्या, अँब्युलन्स बोलावली. तोवर मामांचा रक्तदाब आपणहूनच उतरायला लागला होता. डॉक्टर फोनवर सोलापूरला सांगत होता की पेशंटला कुठल्या गोळ्या देऊ नका. मध्येच नवऱ्याकडं वळून म्हणाला, “आस्कंद, गोखरू यांचा या त्रासाला उपयोग होतो का, यावर संशोधन चालू आहे. असेलही थोडाफार. पण नुसती वनस्पती तासाभरात असं करत नाही. तुमच्या चूर्णात कुणीतरी गोळ्या कुटून घातल्यात. किती घातल्यात ते त्यालाच माहीत. उद्या तुम्हीही इथं असेच येऊन पडला असता.”

नवरा अँब्युलन्समध्ये बापाबरोबर गेला. मी दिरासोबत घरी आले. त्या डॉक्टरला तपासायला हवं होतं म्हणून थोडं चूर्ण पुडीत बांधून दिलं, उरलेलं मोरीत ओतलं. डबा घासून घेतला. आता त्यात मी ब्लाऊजची हुकं ठेवते.

मामा वाचले. घरी आले तेव्हा आणखी वाकले होते, पण आले. नवरा माझ्याशी बोलेनासा झाला. ताट वाढलं की जेवायचा, डबा दिला की न्यायचा. दुकानात गिऱ्हाइकं काही म्हणत नव्हती, पण कुणी उगीच हसलं तरी त्याला ते आपल्यावर वाटे. शेवटी एक दिवस तो खोलीत दार लावून म्हणाला, “चारचौघात माझी अब्रू घालवलीस.”

“व्हय, घालवली,” मी म्हणाले. “तुमची अब्रू का मामांचा जीव, एवढंच ठरवायचं होतं. तुम्हाला वेळ लागत होता.”

तो दार उघडून निघून गेला. मला बोलल्याचं वाईट वाटलं नाही. खोटं कशाला लिहू.

मग एका दुपारी मामांनी मला हाक मारली. मी पदर सावरत गेले तर त्यांनी समोरच्या पाटाकडं बोट केलं. त्यांच्यासमोर बसायची माझी ती पहिलीच वेळ.

“त्याच्यावर डूख धरू नको, अव्वा,” ते म्हणाले. “मीच त्याला तसा वाढवला. आपल्या घरात माणसाला गुडघ्याबिगर दुसरं काय दुखायची परवानगी न्हाय. मला काय दुखत हुतं ते म्या तरी कवा बोललो.” मग देवळीकडं बघून म्हणाले, “त्याला सोलापूरला चांगल्या डॉक्टरकडं ने. तूच सांग तिथं. त्याला जमायचं न्हाय.”

मी त्याला नेलं. म्हणजे साखर तपासायला म्हणून निघालो. पण सोलापुरात रिक्षा पुरुषांच्या दुखण्याच्या डॉक्टरकडं वळली ते त्यानं बघितलं आणि तो उतरला नाही. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तो चपलेच्या पट्ट्याशी खेळत होता. आम्ही आत गेलो. पिकलेल्या मिशांचे डॉक्टर होते, त्यांनी खुर्च्या दाखवल्या.

“बोला. काय त्रास आहे?”

त्यानं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी ओळखली. मामांनी सांगायला लावलेलं सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. दोन वाक्यांत मोकळं होता आलं असतं. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडं बघत राहिले.

“ताई, तुम्ही सांगता का?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “दुखणं त्यांचं आहे.”

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला. त्यानं घसा खाकरला.

“गुडघे...” तो म्हणाला.

डॉक्टरांनी कागद पुढं ओढून पेन टेकवलं. मी ओठ दाताखाली धरला. उठून निघून जावं, एकटीनं एसटी पकडावी, एवढा संताप आला होता. तरी बसून राहिले.

“न्हाय,” तो म्हणाला. “थांबा, गुडघे लिवू नका. गुडघे माझे चांगले हायेत.”

आणि मग तो बोलायला लागला. साखर झाल्यापासूनचं सगळं. भिंतीचं, लॉजचं, डब्याचं. आमच्या खोलीत जे कधी बोललं गेलं नाही ते मी तिथं, एका अनोळखी माणसाच्या टेबलापाशी बसून, पहिल्यांदा ऐकलं. हिच्या मनातून उतरायची भीती वाटली म्हणून बोललो नाही, असंही म्हणाला. तेव्हाही त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. डॉक्टर लिहीत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “अजून काही?”

“हाय,” तो म्हणाला. “माझ्या बापानं गोळीला तोंड उघडलं हुतं, आन् म्या फरशी बघत हुतो.”

डॉक्टरांनी ते लिहिलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पाण्याचा ग्लास त्याच्याकडं सरकवला.